जपानी हार्ड रॉकच्या प्रोमो रेकॉर्ड: ओळख, पारख, खरेदी आणि जतन

विक्रेत्याने मथळ्यात ‘जपान प्रोमो, दुर्मीळ’ असे लिहिले म्हणून रेकॉर्ड प्रोमो ठरत नाही. ते ठरते चार गोष्टींवरून: मधले लेबल, लेबलाभोवतीच्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक म्हणजे रनआउट, कव्हरवरची कागदी पट्टी म्हणजे ओबी, आणि आत घातलेले कागद. या चौघांची साक्ष जुळली तरच प्रोमोचे पैसे मोजा. एक जरी फुटला, तर ती साधी जपानी प्रत समजून भाव ठरवा.

प्रोमो प्रत म्हणजे नेमके काय

१९७० आणि १९८०च्या दशकांत जपानी कंपन्या नवा अल्बम बाजारात येण्याआधी त्याच्या काही प्रती रेडिओ केंद्रे, ‘म्युझिक लाइफ’सारखी मासिके, समीक्षक आणि दुकानदारांना पाठवत. या नमुना प्रतीला जपानीत ‘मिहोन-बान’ म्हणतात. तिच्यावर बहुधा आणखी एक शब्द असतो, ‘हिबाइहिन’, म्हणजे विक्रीसाठी नाही.

अशा प्रती चार रूपांत सापडतात. सर्वांत जास्त मागणी पांढऱ्या लेबलाच्या प्रतीला. तिच्यावर नेहमीचे रंगीत लेबल नसते, पांढऱ्या कागदावर काळ्या किंवा एकाच रंगाच्या शाईत मजकूर असतो आणि ‘मिहोन-बान’ ही अक्षरे त्या मजकुरासोबतच छापलेली असतात. दुसरी प्रत दिसायला दुकानातल्यासारखीच, फक्त लेबलावर किंवा कव्हरच्या मागे शिक्का मारलेला किंवा स्टिकर लावलेला. तिसरी म्हणजे केवळ प्रचारासाठी काढलेली रेकॉर्ड, जी दुकानात कधी आलीच नाही: एका बँडची निवडक गाणी किंवा त्या महिन्याच्या नव्या अल्बममधली एकेक गाणी. यांना वेगळी क्रमांकमाला असते. सीबीएस/सोनीच्या अशा रेकॉर्डवर एक्सएएपी किंवा एक्सडीएपी, तोशिबा-ईएमआयच्या पीआरपी, तर वॉर्नर-पायोनियरच्या पीएस ही अक्षरे दिसतात. चौथी टेस्ट प्रेसिंग, म्हणजे मुख्य प्रती काढण्याआधी तपासणीसाठी दाबलेली प्रत. तिचे लेबल कोरे असते किंवा त्यावर हाताने लिहिलेले असते. तिच्यात खोटेपणा करणे सर्वांत सोपे आहे, त्यामुळे नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आवाजाबद्दलचा एक समज आधीच बाजूला काढू. ‘प्रोमो साच्यातून पहिल्यांदा निघते म्हणून जास्त चांगली वाजते’ हे अर्धेच खरे आहे. आवाज आधी लॅकर नावाच्या तबकडीवर कोरतात. लॅकरवरून धातूची प्रत, तिच्यावरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, म्हणजे रेकॉर्ड दाबायचा साचा, असा क्रम असतो. स्टॅम्पर जसजसा दाबला जातो तसतसा झिजतो, हे बरोबर. पण प्रोमोनंतर त्याच स्टॅम्परवर निघालेली विक्रीची प्रत आणि ती प्रोमो यांत कानाला फरक सापडत नाही. शिवाय प्रोमो रेडिओ केंद्रात घासली गेलेली असू शकते. दुसरे असे की जपानी कंपन्यांना इंग्लंड-अमेरिकेतून बहुतेक वेळा टेपची प्रत मिळे आणि त्यावरून त्या स्वतः लॅकर कापत. म्हणून अनेक जपानी आवृत्त्यांत पार्श्वभूमी विलक्षण शांत असते, पण खर्ज थोडा हलका आणि वरची पट्टी उजळ लागते. प्रोमोचे मोल तिच्या दुर्मीळपणात आहे, आणि ती बहुतेक वेळा त्या आवृत्तीतल्या अगदी आरंभीच्या प्रतींपैकी असते यात आहे.

अक्षरे ओळखायला शिका

जपानी वाचता आले नाही तरी चालेल, पण सहा अक्षरे डोळ्यांत बसलीच पाहिजेत. ‘मिहोन-बान’ची तीन अक्षरे: पहिले म्हणजे आत दोन आडव्या रेघा असलेला उभा चौकोन आणि त्याखाली दोन पाय. दुसरे म्हणजे एक उभी रेघ, वर एक आडवी, दोन्ही बाजूंना तिरक्या फांद्या आणि बुंध्याजवळ छोटी आडवी रेघ. जपान देशाच्या नावातले दुसरे अक्षर हेच, त्यामुळे ते प्रत्येक कव्हरवर सापडेल आणि सराव होईल. तिसरे दाट रेघांचे. ‘हिबाइहिन’मधले शेवटचे अक्षर तर विसरणे कठीण: वर एक चौकोन, खाली दोन. काही लेबलांवर ‘मिहोन-बान’च्या शेवटच्या अक्षराऐवजी हेच तीन चौकोनांचे अक्षर येते, तेव्हा अर्थ ‘नमुना वस्तू’ असा होतो. तेही खरेच. अक्षरे आडवी असतील किंवा उभी, दोन्ही तऱ्हा आढळतात. स्टिकरवर कधी इंग्रजीत ‘सॅम्पल’ किंवा ‘सॅम्पल लोन्ड’ असेही लिहिलेले असते.

हे सगळे शब्द भाषांतराच्या अ‍ॅपमधून मूळ लिपीत काढा आणि फोनच्या नोट्समध्ये साठवा. बँडची नावेही कातकाना लिपीत साठवा, कारण जपानी विक्रेते बरेचदा डीप पर्पल, रेनबो किंवा स्कॉर्पियन्स हे फक्त कातकानात लिहितात. इंग्रजी स्पेलिंगने शोधणाऱ्याच्या नजरेतून अर्धा बाजार निसटतो.

एक कंपनी, एक दशक

सगळे गोळा करायला निघालेला माणूस सगळीकडे फसतो. सुरुवातीला एक कंपनी निवडा आणि तिची लेबले, क्रमांक, किमती तोंडपाठ करा. हार्ड रॉकसाठी वॉर्नर-पायोनियर ही उत्तम सुरुवात आहे. ही कंपनी १९७०च्या अखेरीस स्थापन झाली. लेड झेपलिन, डीप पर्पल, क्वीन, एसी/डीसी, व्हॅन हेलन हे सगळे त्या दशकात तिच्याकडेच होते.

तिच्या क्रमांकांत शिस्त आहे. पुढे ‘पी’, मध्ये आकडा, शेवटी मूळ परदेशी कंपनीचे अक्षर: ए म्हणजे अटलांटिक, डब्ल्यू म्हणजे वॉर्नर ब्रदर्स, आर म्हणजे रिप्राइज, ई म्हणजे इलेक्ट्रा, एन म्हणजे स्वान साँग. लेड झेपलिनचा चौथा अल्बम पी-८१६६ए, डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ पी-८२२४डब्ल्यू, ‘बर्न’ पी-८४१९डब्ल्यू, क्वीनचा दुसरा अल्बम पी-८४६४ई, व्हॅन हेलनचा पहिला पी-१०४७९डब्ल्यू. प्रत्यक्ष लेबलावर हे रोमन अक्षरांत असते. दशकाच्या पहिल्या अर्ध्यातले नवे अल्बम पी-८००० मालिकेत आले, नंतरचे पी-१०००० मालिकेत. त्यामुळे ‘मशीन हेड’च्या लेबलावर पी-१००००च्या घरातला आकडा दिसला तर ती नंतरची आवृत्ती. तिच्याही प्रोमो असू शकतात. पांढरे लेबल, खरी अक्षरे, सगळे अस्सल, तरीही पहिल्या आवृत्तीची प्रोमो नव्हे. या एका ठिकाणी सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमची जपानी आवृत्ती वॉर्नर-पायोनियरच्या आधीची आहे. ती निप्पॉन ग्रामोफोनने एसएमटी-१०६७ या क्रमांकाने काढली. हीच कंपनी पुढे १९७१ साली पॉलिडोर झाली. त्या आवृत्तीच्या प्रोमोच्या मागे मुरलेले संग्राहक असतात, तुम्ही शिकत असताना त्या लिलावात उतरू नका.

दुसरा चांगला कोपरा म्हणजे जपानमध्येच ध्वनिमुद्रित झालेले अल्बम. इथे जपानी प्रत ही परदेशी अल्बमची स्थानिक आवृत्ती राहत नाही, काही बाबतींत तीच मूळ ठरते. डीप पर्पलने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकात १५ आणि १६ तारखेला आणि तोक्योच्या बुडोकानमध्ये १७ तारखेला जे वाजवले, ते जगभर ‘मेड इन जपान’ म्हणून गेले. जपानमध्ये मात्र ते ‘लाइव्ह इन जपान’ या नावाने आणि वेगळ्या कव्हरमध्ये निघाले. चीप ट्रिकचा बुडोकान अल्बम २८ आणि ३० एप्रिल १९७८च्या कार्यक्रमांतला. तो आधी फक्त जपानसाठी काढला होता, अमेरिकेत आयात प्रती खपू लागल्यावर १९७९ मध्ये तिथे स्वतंत्रपणे आला. त्याचा जपानी क्रमांक २५·३पी-५. एपिक/सोनी ही कंपनी ऑगस्ट १९७८ मध्येच सुरू झाली होती, ते पाहता हा आकडा इतका लहान का आहे हे लगेच उलगडते. स्कॉर्पियन्सचा ‘टोक्यो टेप्स’ एप्रिल १९७८ मध्ये नाकानो सनप्लाझात, तर मायकेल शेंकर ग्रुपचा बुडोकान अल्बम १२ ऑगस्ट १९८१ रोजी ध्वनिमुद्रित झाला. ज्युडास प्रीस्टचा फेब्रुवारी १९७९ मधला अल्बम जपानमध्ये ‘प्रीस्ट इन द ईस्ट’ नावाने आला, आणि सुरुवातीच्या प्रतींसोबत चार जादा गाण्यांची छोटी रेकॉर्ड होती. ती छोटी रेकॉर्ड नसेल तर संच अपुरा आहे, विक्रेता काहीही म्हणो.

किंमत पाहून काळ ठरवा

ओबीवर आणि बऱ्याच वेळा कव्हरच्या मागे येनमध्ये किंमत छापलेली असते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका एलपीची पूर्ण किंमत साधारण २,००० येन होती. १९७३च्या तेलसंकटानंतर ती २,२००-२,३०० येनवर गेली, दशकाच्या उत्तरार्धात २,५०० आणि ऐंशीच्या दशकात २,८०० येन झाली. १९७२च्या अल्बमवर २,५०० येनची ओबी दिसली तर ती ओबी नंतरची, आणि बहुधा रेकॉर्डही. उलट १,५०० किंवा २,००० येनची ओबी ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त आवृत्तीची असू शकते. म्हणून किंमत एकटी पाहू नका, क्रमांकासोबत वाचा.

सीबीएस/सोनीने हे काम सोपे करून ठेवले आहे. अंकांनी सुरू होणाऱ्या तिच्या क्रमांकांत पहिले दोन अंक म्हणजेच शेकड्यांतली किंमत. एरोस्मिथच्या ‘रॉक्स’चा क्रमांक २५एपी ५०, म्हणजे २,५०० येन. २८एपी असेल तर २,८००. जपानमध्ये ३ टक्के उपभोग कर १ एप्रिल १९८९ पासून लागू झाला, त्यामुळे करासहित किंमत असा उल्लेख असलेली ओबी त्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही.

चौघांची साक्ष कशी तपासायची

विक्रेत्याकडून सहा छायाचित्रे मागा: दोन्ही बाजूंची लेबले सरळ वरून, दोन्ही बाजूंचे रनआउट तिरक्या प्रकाशात, आणि ओबी पुढून-मागून. लेबल तिरके टिपलेले असेल तर शिक्का आणि छपाई यांतला फरक दिसत नाही.

आधी लेबल. छापलेली अक्षरे बाकीच्या मजकुराइतकीच धारदार असतात आणि त्याच शाईची असतात. शिक्क्याची शाई कागदात किंचित पसरते, एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट होते. शिक्का म्हणजे खोटे असे मुळीच नाही, कंपन्या शिक्के मारतच. पण जुन्या साध्या प्रतीवर आज कुणीही शिक्का उमटवू शकतो. म्हणून शिक्क्याची प्रत असेल तर त्याच कंपनीच्या, त्याच वर्षाच्या दोन-तीन प्रतींची छायाचित्रे डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या माहितीच्या संकेतस्थळावर शोधून शिक्क्याचा आकार, चौकट आणि अक्षरांची घडण ताडून पाहा. जुळले नाही तर शिक्क्यासाठी एक येनही जास्त देऊ नका. पांढऱ्या छापील लेबलात हा धोका फार कमी, कारण लेबल रेकॉर्ड दाबतानाच प्लास्टिकमध्ये बसते. नंतर चिकटवलेल्या लेबलाची कड बोटाला लागते, आणि मूळ लेबलावर दाबयंत्राची जी गोल खाच उमटते ती त्याच्यावर नीट उतरत नाही.

मग रनआउट. तिथे कॅटलॉग क्रमांक, बाजू आणि लॅकर-स्टॅम्परची अक्षरे-आकडे असतात. लेबलावरचा आणि रनआउटमधला क्रमांक वेगळा असला म्हणजे लगेच खोटे समजू नका. जुने लॅकर नव्या आवृत्तीला वापरले जात असे, तेव्हा रनआउटमध्ये जुना क्रमांक राहून जातो. उलटे घडणे शक्य नाही. लेबल १९७२चे आणि रनआउटमध्ये १९७६चा क्रमांक असेल, तर तो सौदा तिथेच सोडा.

ओबी हा सर्वांत नाजूक आणि सर्वांत जास्त नकला होणारा भाग. कव्हरच्या डाव्या कडेला गुंडाळलेली ही उभी पट्टी, तर काही जुन्या अल्बमांवर ती वरच्या कडेवर टोपीसारखी बसते. रेडिओ केंद्रांत ओबी पहिल्याच दिवशी फाटून कचऱ्यात जाई, त्यामुळे ओबीसह प्रोमो पाहिली की आधी विचारा: ही ओबी याच प्रतीची आहे की साध्या प्रतीची आणून जोडली? तशी जोड देणे गुन्हा नाही, पण विक्रेत्याने ते सांगितले पाहिजे. ओबीवरचा क्रमांक आणि किंमत लेबलाशी जुळते का, आणि ओबीखालचे कव्हर बाकीच्या भागापेक्षा कमी फिकटले आहे का, हे पाहा. वर्षानुवर्षे ओबी जागेवर असेल तर तिच्या कडेची फिकट रेषा कव्हरवर उमटलेली असते. नकली ओबी १० पटीच्या भिंगाखाली उघडी पडते. मूळ ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके नीट ओळीत असतात आणि लहान अक्षरे एका शाईत सलग. इंकजेटमध्ये ठिपके विखुरलेले, आणि काळ्या अक्षरांच्या कडांना निळ्या-गुलाबी कणांची झालर. अतिनील टॉर्चवर भिस्त ठेवू नका. कागद उजळवणारी रसायने सत्तरच्या दशकातही वापरात होती, त्यामुळे अस्सल ओबीही चमकू शकते.

शेवटी आतले कागद: गीतांचे पान, जपानी समीक्षकाचा लेख, कधी पोस्टर, आणि दुकानदाराने पुन्हा मागणी नोंदवण्यासाठीचे ‘होजू-ह्यो’ नावाचे छोटे कार्ड. हे कार्ड विक्रीच्या प्रतीसोबत येई. ओबीला ते अजून लागलेले असेल, तर ती ओबी मूळ प्रोमोची नसून दुकानातल्या प्रतीची असण्याची शक्यता मोठी.

दोन गैरसमजही इथेच दूर करू. तोशिबाची पारदर्शक लाल रेकॉर्ड म्हणजे प्रोमो नव्हे. ‘एव्हरक्लीन’ हे धूळ न धरणारे साहित्य तोशिबा १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या सुरुवातीपर्यंत सर्रास वापरत होती. लाल प्रत जुनी आहे एवढेच त्यातून कळते. दुसरे, इंग्रजीत ‘प्रमोशन ओन्ली’ छापलेली, कंपनीचे नाव धूसर असलेली किंवा रंगीत प्लास्टिकची मैफलीची रेकॉर्ड ही बहुतेक वेळा चोरटी असते. त्या कंपनीच्या क्रमांकमालेत तो आकडा बसतो का ते पाहा, नाही तर सोडून द्या.

रेडिओच्या प्रतीचे घाव

प्रोमोची झीज घरगुती प्रतीसारखी सर्वत्र सारखी नसते. निवेदक गाण्याची सुरुवात पकडण्यासाठी रेकॉर्ड हाताने मागे-पुढे फिरवत, त्यामुळे गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत खरखर कायमची कोरली जाते. धुऊन ती जात नाही. लेबलावर किंवा मागच्या कव्हरवर एखाद्या गाण्यासमोर पेनाने गोल केलेला असेल, तर त्याच गाण्याची सुरुवात तपासून सांगायला विक्रेत्याला लिहा. बाकीची बाजू बहुधा कोरी करकरीत निघते.

मधल्या भोकाभोवतीच्या करड्या रेषा, ज्यांना जपानी विक्रेते ‘हिगे’ म्हणतात, पांढऱ्या लेबलावर लपत नाहीत. त्या जितक्या कमी, तितकी रेकॉर्ड कमी वेळा चढवलेली. कव्हरवरची केंद्राची चिकटपट्टी, ग्रंथालयाचा क्रमांक किंवा प्रसारणाची तारीख दर्जा खाली आणते, पण तीच प्रत कुठून आली याचा पुरावाही असते. असे स्टिकर काढू नका. काढल्यावर कागदाचा वरचा थर सोबत येतो आणि दोन्ही गमावले जातात.

खरेदी

जपानमध्ये जाणे झाले तर डिस्क युनियनच्या दुकानांपासून सुरुवात करा, तिथे रेकॉर्ड आणि कव्हर यांचा दर्जा चिठ्ठीवर वेगवेगळा लिहिलेला असतो. घरबसल्या घ्यायचे तर याहू ऑक्शन्स आणि मर्कारी, आणि त्यासाठी बायी, झेनमार्केट किंवा फ्रॉम जपानसारखा मध्यस्थ.

याहूच्या बऱ्याच लिलावांत आपोआप मुदतवाढ असते: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पाच मिनिटांनी वाढतो. म्हणून शेवटच्या सेकंदाला उडी मारण्याची युक्ती तिथे चालत नाही. तुमची कमाल रक्कम ठरवा, ती एकदाच भरा आणि वर जाऊ नका. बरेच लिलाव जपानी वेळेनुसार रात्री नऊ-दहाला संपतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच-साडेसहाला. आधीच्या विक्रीचे भाव ऑकफॅन आणि पॉपसाइक या संकेतस्थळांवर पाहा. मागितलेला भाव हा भाव नसतो, विकला गेलेला भाव हाच खरा.

वर्णनातले पाच शब्द मूळ लिपीत ओळखता आले पाहिजेत: ‘ओबी-त्सुकी’ म्हणजे ओबीसह, ‘सोरी’ म्हणजे वाकलेली, ‘काबी’ म्हणजे बुरशी, ‘शिमी’ म्हणजे कागदावरचे तपकिरी डाग, ‘सोकोनुके’ म्हणजे कव्हरची खालची शिवण उसवलेली. ‘नो क्लेम, नो रिटर्न’ कातकानात असेल आणि ऐकून पाहिलेले नाही असेही लिहिले असेल, तर ती रेकॉर्ड फक्त भिंतीवर टांगायची आहे असे धरून बोली लावा.

हिशोब असा मांडा: बोली, जपानमधले टपाल, मध्यस्थाचे शुल्क, एकत्र बांधणीचा खर्च, आंतरराष्ट्रीय टपाल, आणि भारतात आल्यावर सीमाशुल्क व आयजीएसटी. करांचे दर बदलत असतात, बोलीच्या दिवशीचे दर पाहून आकडा लिहा. एका एलपीचे नीट बांधलेले पार्सल साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरते. तीन-चार रेकॉर्ड एकत्र मागवल्या की दर नगामागचा टपालखर्च बराच उतरतो. पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. कमी लिहिली आणि पार्सल हरवले, तर भरपाई त्या कमी आकड्याचीच मिळते.

विक्रेत्याला न विसरता लिहा: रेकॉर्ड कव्हरमधून काढून, तिच्या आतल्या पिशवीसह कव्हरच्या मागे ठेवा, दोन्हीकडून घट्ट पुठ्ठा लावा. आत ठेवून पाठवलेली रेकॉर्ड पार्सल आपटले की कडेवर घसरते आणि खालची शिवण फाडते. पुठ्ठे रेकॉर्डपेक्षा प्रत्येक बाजूने दोन सेंटिमीटर मोठे हवेत, नाहीतर कोपरे चेपतात.

धुणे आणि ठेवणे

धुण्याचे मिश्रण घरी बनते: ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि छायाचित्रणात वापरतात त्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी सारखे पसरवणाऱ्या द्रवाचे, चार-पाच थेंब. थेंब वाढवले तर खोबणीत थर उरतो आणि सुई गोळा घेऊन वर येते. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी किंवा आरओचे पाणी वापरू नका, क्षार उरतात. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून पाणी घ्या. पांढऱ्या लेबलावर एक थेंब पडला तरी कडेला पिवळट वलय राहते, म्हणून लेबल झाकणारी रबरी कडा असलेली चकती लावल्याशिवाय रेकॉर्ड ओली करू नका. मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने तीन-चार फेरे, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुणे, मायक्रोफायबरने टिपणे, आणि उभी ठेवून पूर्ण वाळेपर्यंत थांबणे.

जुन्या प्रती कधी जाड, मऊ पीव्हीसीच्या बाह्य वेष्टनात येतात. ते लगेच फेकून द्या. त्यातले द्रव्य झिरपून रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात आणि कव्हरची शाई चिकटते. आत नागाओका १०२ सारखी पॉलिथिलीनची पिशवी आणि बाहेर पॉलिप्रॉपिलीनचे वेष्टन घाला. ओबी असलेले कव्हर वेष्टनात सरकवताना कण्याची बाजू आधी आत घाला. तिथे ओबी वळलेली असल्याने ती अडकत नाही. उलट्या बाजूने घातले तर ओबीची मोकळी कड वेष्टनाला अडते आणि फाटते.

मुंबई आणि कोकणात खरी परीक्षा जून ते सप्टेंबरची. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशी व्यवस्था हवी. बंद कपाट असेल तर आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, खोली असेल तर डिह्युमिडिफायर. पावसाळ्यात ओलसर झालेले कव्हर तसेच हवाबंद करू नका, बुरशीला तेच हवे असते. बुरशी दिसलीच तर ती प्रत आधी वेगळी काढा, मास्क लावून मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशने कागद झाडा, रेकॉर्ड वरच्या मिश्रणाने धुवा आणि आतली पिशवी नवी घाला. शेल्फ बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, आणि रेकॉर्ड ताठ उभ्या असाव्यात, तिरक्या नव्हेत.

प्रत्येक प्रतीची नोंद ठेवा: लेबलावरचा क्रमांक, दोन्ही बाजूंचे रनआउट जसेच्या तसे, ओबीवरची किंमत, आतल्या कागदांची यादी, विक्रेत्याने दिलेले वर्णन आणि लेबलाची छायाचित्रे. ओबी नंतर जोडलेली असेल तर तेही लिहा. पुढे ती प्रत तुमच्याकडून कुणी घेईल तेव्हा त्यालाही याच चार गोष्टी तपासायच्या असतील.